सोबतीचा रोबो: केवळ प्रतिसाद देणारा की मनाचा ठाव घेणारा?

घरातील वृद्ध व्यक्तीसाठी किंवा मुलासाठी सोबतीचा रोबो घ्यावा का, असा विचार करणाऱ्यांपुढे साधारण दोन प्रकार येतात. ताकानोरी शिबाता यांनी जपानमध्ये विकसित केलेला, सीलच्या पिलासारखा दिसणारा 'पॅरो' पहिल्या प्रकारात मोडतो. तो स्पर्श, आवाज आणि प्रकाश यांना प्रतिसाद देतो, परंतु समोरच्याचा समज काय आहे याचा तर्क करत नाही. दुसऱ्या प्रकारातील रोबोचे सारे कौशल्य त्या तर्कातच असते. माणसाला काय ठाऊक आहे, त्याचा कोणता ग्रह चुकीचा आहे आणि तो कोणत्या शब्दांनी राजी होईल, याचा अंदाज बांधून तो पुढचे वाक्य निवडतो. बाजारातील उपकरणांना हे अद्याप अर्धेमुर्धेच जमते, जाहिराती काहीही म्हणोत.

केवळ दिलासा हवा असेल, तर पहिला प्रकार पुरेसा आहे.

सवय लावायची असेल, तर संवाद साधणाऱ्या रोबोचे पारडे जड होते. संशोधक कोरी किड आणि सिंथिया ब्रझील यांच्या प्रयोगात, वजन कमी करू इच्छिणाऱ्या ज्यांना छोटा रोबो दिला होता, त्यांनी कागदावर नोंदी ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट काळ सातत्य राखले. धोकाही इथेच आहे, कारण ज्याचे ऐकण्याची सवय लागते, त्याचे चुकीचेही ऐकले जाते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठातील २०१६ च्या प्रयोगात, आधी वाट चुकलेल्या रोबोच्याच मागे लोक बनावट आगीच्या वेळी गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात प्रौढ बधले नाहीत, पण सात ते नऊ वर्षांची मुले रोबोंच्या उघड चुकीच्या उत्तरांना दुजोरा देत गेली. आणि ते रोबो तर कोणाचे मन ओळखणारेही नव्हते. म्हणून मुलासाठी मी दुसरा प्रकार सुचवणार नाही.

युरोपीय संघाने वय किंवा अपंगत्वामुळे येणाऱ्या दुर्बलतेचा गैरफायदा घेऊन मोठी हानी करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी लागू केली आहे. मात्र सौम्य आर्जवाने महागडी सेवा गळ्यात मारणारा रोबो त्या व्याख्येत बसेलच असे नाही. त्यामुळे वृद्ध व्यक्तीसाठी दुसरा प्रकार घेताना, रोबोने तिच्याविषयी बांधलेले अंदाज तिला पाहता व पुसता येतात का, आणि तिचे मन वळल्याने विक्रेत्याला पैसे मिळतात का, हे लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले, तर पहिलाच प्रकार घ्यावा.