फी भरायची की रिक्षा लावून द्यायची?

दिव्यांग मुलाच्या शिक्षणाला हातभार लावायचा म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, "फी किती आहे?" हेतू चांगलाच असतो. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या, ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. फीचा खरा बोजा पडतो तो खासगी, विनाअनुदानित शाळांत. पुण्यात आम्ही काही मित्र मिळून दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढतो. त्यातून काही मुलांची फी भरली, काहींना रिक्षा लावून दिली. यंदा ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हा अनुभव.

फी भरणं देणाऱ्याला सोयीचं, यात वाद नाही. शाळेच्या नावाने चेक फाडला, पावती मिळाली, वर्षाचा विषय संपला. संस्थेला देणगी म्हणून दिले आणि संस्थेकडे देणगीवर करसवलत देणारी '८०जी' नोंदणी असेल, तर जुन्या करपद्धतीत वजावटही मिळते. नव्या पद्धतीत ती नाही, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला कुठेच नाही. ऑटिझम असलेल्या काही मुलांसाठी तर खासगी शाळाच बरी पडते. वर्गात मुलं मोजकी असतात, स्पीच थेरपी तिथेच होते. मात्र फीत थेरपीचे पैसे वेगळे लावले असतील तर आधी 'निरामय' हा सरकारी आरोग्य विमा काढलाय का ते बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना त्यात वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीही त्यात बसते. बऱ्याच घरांत हे ठाऊकच नसतं.

तरी माझं मन फीवरून उडालं ते शाळेच्या पायऱ्यांवर बसलेल्या आयांमुळे.

मुलाला सोडायला आलेली आई घरी परतत नाही. परत जायचं आणि सुट्टीला पुन्हा यायचं म्हणजे भाडं दुप्पट, आणि उचलून न्यावं लागणारं मूल असेल तर बसमध्ये चढणंच मुश्कील. म्हणून ती डबा घेऊन तिथेच बसते, शाळा सुटेपर्यंत. आम्ही ज्यांची फी भरत होतो त्यांतली एक बाई आधी चार घरची धुणीभांडी करायची. मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिची दोन घरं सुटली, उरलेल्या दोन घरी खाडे व्हायला लागले. फी आम्ही भरली, शाळेचा खर्च मात्र तिच्या पगारातून गेला. आणि पैसे संपत आले की मुलगा घरी. हजेरीपटावर नुसता 'गैरहजर' शेरा, आमच्या पावतीवर तर तेवढंही नाही.

आता रिक्षा. हा उद्योग कटकटीचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पावती नाही, वजावट नाही. रिक्षावाले काका गावी गेले की बदली माणूस शोधा. व्हीलचेअर रिक्षात बसत नाही, ती शाळेतच ठेवू देतात का ते विचारावं लागतं. मूल मोठं होतं, वजन वाढतं, आणि उचलायला काका एकटे पुरत नाहीत. मुली असतील तर सोबत बाईमाणूस हवंच. आम्ही एकाच वस्तीतली तीन मुलं एका रिक्षात बसवली आणि त्यांच्यातल्याच एका आईला सोबतीचे पैसे द्यायला लागलो. बाकी दोघी कामावर जाऊ शकल्या. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

सरकारी योजनांत प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे, एसटीत ७५ टक्के सवलतही आहे. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या, अर्ज करायला लावा, सोडू नका. पण भत्त्याची कागदपत्रं शाळा सुरू झाल्यावर पुढे सरकतात, रिक्षा मात्र पहिल्या दिवसापासून लागते. आणि एसटीची सवलत येरवड्याच्या गल्लीतून मुलाला उचलून नेत नाही.

मूल शाळेजवळच राहत असेल किंवा शाळेची गाडी दारापर्यंत येत असेल, तर माझं सगळं म्हणणं फोल. तिथे खुशाल फी भरा. तुम्ही दूर राहत असाल, महिन्याच्या महिन्याला फोन करणं जमणार नसेल, तरीही फीच बरी. पण वस्ती आणि शाळा यांत दोन बस बदलाव्या लागत असतील, अनुदानित शाळेत जागा मिळत असेल आणि तुमच्यापैकी एखादा तरी शहरात असेल, तर मी रिक्षाच लावेन. निम्मी फी, निम्मी रिक्षा असं वाटून देऊ नका. अर्ध्या रिक्षेने मूल अर्ध्या वाटेपर्यंतच जातं.

आणि रिक्षावाल्याशी जूनमध्ये नाही, एप्रिलमध्येच बोला. मे महिन्याचे पैसे अर्धे की पूर्ण, दिवाळीच्या सुट्टीचं काय, आणि पावसात रस्त्यावर पाणी भरलं तर मुलाला दारापर्यंत आणणार की कोपऱ्यावर सोडणार, हे सगळं तेव्हाच ठरवून घ्या.