स्ट्रेसमान जगवायचा की बेकला झुकवायचं?

दुसरं महायुद्ध न झालेल्या जर्मनी-पोलंडची गोष्ट लिहायची, तर इतिहास मोडायचा कुठे? माझ्यापुढे दोन जागा होत्या. ऑक्टोबर १९२९मध्ये जर्मनीचा परराष्ट्रमंत्री स्ट्रेसमान मरत नाही, ही एक. ऑक्टोबर १९३८मध्ये हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप डान्झिग (आजचं ग्दान्स्क) हे बंदर आणि कॉरिडॉरमधून, म्हणजे पूर्व प्रशियाला उरलेल्या जर्मनीपासून तोडणाऱ्या पोलिश पट्ट्यातून, मोटाररस्ता-रेल्वे मागतो आणि पोलंडचा परराष्ट्रमंत्री बेक 'घ्या' म्हणतो, ही दुसरी.

दुसरी मोहात पाडते, कबूल. माणसं ठसठशीत, बदल एका होकाराचा. मीही तिथूनच सुरुवात करून तीन प्रकरणं लिहिली. पण दर प्रकरणात एकच काम मानगुटीवर: हिटलर आता का थांबला, हे पटवणं. चेकोस्लोव्हाकियातलं सुडेटनलँड मिळूनही सहा महिन्यांच्या आत त्याने प्राग घेतलं. डान्झिगवर त्याचं पोट भरेल? एकदा त्याला रशियाकडे वळवलं, एकदा आजारी पाडलं. मित्राने खर्डा वाचून एवढंच विचारलं, "पुढच्या प्रकरणात काय, पाय मोडणार त्याचा?" मी वही मिटली आणि स्ट्रेसमानची वाट धरली.

स्ट्रेसमान पोलंडचा मित्र होता, असं मात्र समजू नका. १९२५मध्ये लोकार्नोला त्याने पश्चिमेच्या सरहद्दी मान्य केल्या, पूर्वेच्या मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. पण त्याचं हत्यार जकातीचं. जर्मनीने पोलिश सिलेशियाचा कोळसा अडवला. १९२६च्या ब्रिटिश खाणसंपात पोलंडला स्कँडिनेव्हियाची गिऱ्हाइकं मिळाली, आणि ग्डिनिया हे कोळ्यांचं गाव बंदर होऊन पुढे डान्झिगच्याही वरचढ झालं. मार्च १९३०मध्ये व्यापारकरार झालाही, पण जर्मनीने तो मंजूर केला नाही. माझ्या गोष्टीत तो मंजूर होतो, बस.

मंदी आहेच. सप्टेंबर १९३०मध्ये नाझी १२ जागांवरून १०७वर गेले, ते एकट्या स्ट्रेसमानने अडवलं असतं असं छातीठोकपणे नाही सांगत. पण त्याने चान्सलर म्युलरची आघाडी सावरली, तर ती मुदतपूर्व निवडणूकच टळते. एवढी थाप वाचक पचवतो, असा माझा अनुभव. (या वाटेने कोल्हापूरजवळची वळिवड्याची, युद्धकाळातल्या पोलिश निर्वासितांची छावणीही उभी राहत नाही, तेवढं कोल्हापूरकरांनी माफ करावं.)

शिवाय इथे कॉरिडॉरमधून पूर्व प्रशियाला जाणारी ती कुलूपबंद गाडी मिळते. पोलिश हद्दीत व्हिसा नको, पण खाली उतरायचंही नाही. माझं पहिलं प्रकरण आता त्याच डब्यात सुरू होतं: गाडी मध्येच थांबते, बाहेर पोलिश पहारेकरी सिगारेट पेटवतो, आत एक जर्मन म्हातारी खिडकीतून त्याच्याकडे काडेपेटी मागते.