धाकट्या भावाचं नवं घर: सामुदायिक निवासाबद्दल माझं मत

माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो. सध्या तो एका संस्थेच्या सामुदायिक निवासात राहतो, म्हणजे अपंग व्यक्तींना भाड्याचं घर आणि रोजच्या कामांसाठी मदतनीस मिळतात अशा ठिकाणी. भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतं, त्यामुळे ते त्याला स्वतःच्या पगारातून झेपतं.

आधी बाथरूमबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच होते. खुर्ची पूर्ण वळवायला साधारण 1500 मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते, ती इथे आहे. शॉवरला उंबरठा नाही, कमोडशेजारचा दांडा वजन टाकलं तरी हलत नाही, आणि दार बाहेर उघडतं. आत कुणी पडलं तर दार त्याच्या अंगाला अडत नाही! बांधताना इतका विचार कुणीतरी केला, याचं मला फार बरं वाटलं. रॅम्पचा उतार 1:12 आहे, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ. भाऊ एकटा चढतो.

मदतनीस मात्र सकाळी उशिरा येतात. वेळापत्रक संस्थेच्या सोयीचं, आणि भाऊ अंथरुणात वाट बघत पडून. हे मला खटकतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या अपंग हक्क करारातलं 19वं कलम कुठे आणि कुणासोबत राहायचं हे निवडण्याचा हक्क मान्य करतं. मग कधी उठायचं, हेही त्याचं त्यानेच ठरवायला हवं. तक्रारीनंतर दोन वेळांमधून निवड करता येते, पण तेवढं पुरत नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे भाडेकरार आणि मदतीचा करार वेगवेगळे आहेत. मदतनीस पुरवणारे बदलले तरी घर जात नाही. जागा बघायला जाल तेव्हा हे आधी विचारा, आणि लिफ्ट बंद पडली तर काय करतात तेही.