गांधीबागचे शंकरपाळी विणीचे लंगोट, तीन महिने वापरून सांगते

मुलगी झाली एप्रिलमध्ये, म्हणजे नागपूरच्या ऐन उन्हात, आणि पंधरा दिवसांतच पॅकेटवाल्या डायपरनं तिच्या जांघेत लालेलाल पुरळ उठलं. आई म्हणाली, अगं एवढ्या तापत्या उन्हात लेकराला प्लॅस्टिकमध्ये काहून बांधून ठेवून राहिली, चल गांधीबागला. तिथं कापडबाजारात आतल्या गल्लीत एक छोटं दुकान आहे, पाटी नाही काही नाही, फक्त बाळंतविड्याचं सामान, झबली टोपडी दुपटी. काकांनी आधी मलमलचे लंगोट दाखवले मग म्हणाले ताई हे बघा, आणि एक पांढरं कापड उजेडाकडे तिरपं धरलं तर पांढऱ्यातच पांढऱ्या बारीक बारीक शंकरपाळ्या आणि प्रत्येकीच्या मधोमध एक ठिपका! सरळ पाहिलं तर कोरंच वाटतं.

मला तर घरी येऊन वाचल्यावर कळलं की डायपर हे मुळात या अशा कापडाचंच नाव. शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ साधारण पांढराशुभ्र. युरोपात याचे जेवणाच्या टेबलावरचे रुमाल, टॉवेल व्हायचे, मग बाळांचे लंगोट व्हायला लागले आणि कापडाचं नाव लंगोटालाच चिकटलं. इंग्लंडात नॅपी म्हणतात, ते नॅपकिनवरून. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत भिंतीवर दगडात कोरलेली अशी सलग नक्षी आहे, तिलाही डायपरच म्हणतात. आणि आपण ज्याला डायपर म्हणतो ते पॅम्पर्स आले 1961 ला.

नक्षी नुसती शोभेची नाही बरं. या विणीत धागे मधेमधे मोकळे सुटलेले असतात, बारीक खळगे होतात, त्यात पाणी धरून राहतं. मी परातीत अर्धी अर्धी वाटी पाणी ओतून मलमल आणि हे, दोन्ही टाकून पाहिलं. मलमल उचलला तर टपटप गळत होता, याचा एक थेंब पडला नाही.

पण पहिल्या दिवशी सगळं बाहेर आलं होतं हेही सांगते, कारण कोऱ्या सुती कापडावर नैसर्गिक मेण असतं, ते गेल्याशिवाय पाणी शोषलं जात नाही. पाच-सहा वेळा गरम पाण्यात धुवा मगच वापरा, आणि कपडे मऊ करायचं ते लिक्विड अजिबात टाकू नका, त्यानं शोषणं कमी होतं.

डझनाला 540 दिले, मला महाग नाही वाटले. तक्रार एकच, बारातल्या तिघांची कडेची शिलाई महिन्याभरात उसवली, काकांनी कुरकुर न करता पुन्हा मारून दिली. पुरळ आठवड्यात गेलं, परत आलं नाही. रात्री मात्र मी अजूनही पॅकेटवालंच घालते, झोप महत्त्वाची आहे तिची पण माझी पण.

आता पावसात एक डझन पुरत नाही, वाळतच नाहीत, म्हणून काल जाऊन दुसरा डझन आणला, या वेळी प्रत्येकाची कड दुकानातच ओढून पाहिली.