क्रिस पॉल की वेस्टब्रूक? पॉइंट गार्डने कोणाचा गेम बघून शिकावं

बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून टीमचा खेळ चालवणारा) खेळतोयस आणि कोणाच्या क्लिप्स बघू हे ठरत नसेल तर एनबीएमधले (अमेरिकेची प्रो लीग) क्रिस पॉल आणि रसेल वेस्टब्रूक शेजारी शेजारी ठेवून बघ, कारण जुलै 2019 मध्ये यांची चक्क अदलाबदल झाली, वेस्टब्रूक ओक्लाहोमातून ह्यूस्टनला आणि पॉल ह्यूस्टनमधून ओक्लाहोमाला. पुढच्या सीझनला दोन्ही टीम्सचा रेकॉर्ड सेम टू सेम, 44 विजय आणि 28 पराभव, आणि प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला आमनेसामने! ह्यूस्टनने सिरीज 4-3 ने काढली, तीही वेस्टब्रूक पहिल्या चार मॅच दुखापतीमुळे बाहेर असताना. म्हणजे नुसता निकाल बघून काहीच ठरत नाही.

खेळ बघ. पॉल स्क्रीन घेतो (साथीदार उभा राहून डिफेंडरची वाट अडवतो), आपल्या डिफेंडरला पाठीवर अडकवून ठेवतो आणि तिथेच मुद्दाम स्लो होतो, आता समोरच्या उंच माणसाची पंचाईत, पॉलवर जायचं की बास्केटकडे पळणाऱ्याला धरायचं, पुढे आला की पास गेलाच, मागे राहिला की फ्री थ्रो लाइनच्या उजव्या टोकावरून जंपर (उडी मारून शॉट). करिअरभर मॅचला नऊच्या आसपास असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास) आणि टर्नओव्हर (बॉल समोरच्याला गमावणं) अडीचच्या आत, हे मला तरी थक्क करतं.

वेस्टब्रूक डिफेन्सिव्ह रिबाउंड (समोरच्यांचा हुकलेला शॉट) स्वतःच घेतो आणि समोरचे सेट व्हायच्या आत रिमवर पोचलेला असतो. 2016-17 ला अख्ख्या सीझनचं ट्रिपल-डबल अ‍ॅव्हरेज (पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट तिन्ही मॅचला दहा किंवा जास्त), एमव्हीपी म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, पण टर्नओव्हर मॅचला 5 च्या वर आणि टीम पहिल्याच राउंडला 4-1 ने घरी. सगळा दोष त्याचा नाही हां, त्या सिरीजमध्ये तो बेंचवर गेला की टीम कोसळायची. आणि ह्यूस्टनने फेब्रुवारी 2020 मध्ये उंच सेंटर कपेलाला सोडून चौघं शूटर बाहेर उभे केले तेव्हा याच माणसाने थ्री (लांबचे तीन पॉइंटचे शॉट्स) मारणं कमी केलं आणि मोकळ्या लेनमधून सरळ आत घुसायला लागला. जागा मिळाली की डिसिजनही सुधारतात.

तरी माझं मत पॉलच. फिनिक्स 34-39 वर होती, तो आल्यावर 51-21 आणि थेट फायनल, पुढच्या वर्षी 64 विजय (तिथला स्टार स्कोअरर बुकर होताच, मान्य), त्याच 2021-22 ला वेस्टब्रूकची लेकर्स 33 विजयांवर अडकली, तिथे दुखापतीही भरपूर होत्या. पॉललाही रिंग (चॅम्पियनशिप) मिळाली नाही, 2021 फायनलच्या चौथ्या मॅचमध्ये शेवटी घसरून बॉल त्याच्याच हातून गेला.

तू टीममधला सगळ्यात फास्ट असशील आणि कोपऱ्यात शूट करणारे दोघं-तिघं असतील तर फास्ट ब्रेक वेस्टब्रूकचा बघ. हाफ कोर्टसाठी (समोरचे सेट झाल्यावरच्या खेळासाठी) मात्र पॉलच, आणि सुरुवात 2022 च्या न्यू ऑर्लिन्सविरुद्धच्या सहाव्या मॅचने कर, 14 पैकी 14 शॉट्स आत, त्यात कुठले शॉट्स त्याने घेतलेच नाहीत ते पॉज करकरून बघ.