टिल्स की पीडी-एल१? रिपोर्टमधला कोणता आकडा कशासाठी बघायचा

स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘स्ट्रोमल टिल्स ४०%’ आणि ‘पीडी-एल१ सीपीएस १२’ अशा दोन नोंदी दिसल्या की बरेच जण एकीवरून दुसरीचा अंदाज बांधतात. दोन्हींचा संबंध प्रतिकारशक्तीशी आहे खरा, पण प्रश्न निराळे आहेत. आजार पुढे कसा वागेल, याचा अंदाज टिल्स देतात. पीडी-एल१ हे पेशींवरचं एक प्रथिन; ते मुख्यतः एका ठराविक औषधासाठी बघतात.

टिल्स म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशी. त्यांच्यासाठी नवा तुकडा काढावा लागत नाही, की वेगळं रंगद्रव्य लागत नाही. निदानासाठी बनवलेलीच गुलाबी-निळी स्लाइड पुरते. कॅन्सरपेशींच्या पुंजक्यांमधल्या गुलाबी धाग्यांवर शाईचे शिंतोडे उडावेत तसे गडद निळे ठिपके दिसतात. त्या मधल्या जागेचा (स्ट्रोमाचा) किती भाग ठिपक्यांनी व्यापलाय, ती ही टक्केवारी. ४०% म्हणजे शरीराने ४०% कॅन्सर मारला, असं नव्हे! शिवाय हा अंदाज डोळ्यांनी केलेला असतो. ३५ की ४० यावर झोप उडवू नका. ५ आणि ६० यांत मात्र खरा फरक आहे.

पण हा आकडा कॅन्सरचा प्रकार बघितल्याशिवाय वाचूच नये. ट्रिपल निगेटिव्हमध्ये (हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ हे प्रथिन, दोन्ही नसलेल्या प्रकारात) टिल्स जास्त असणं चांगलं. केमो न घेतलेल्या १,९६६ रुग्णांची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या टप्प्यातल्या ज्यांचे टिल्स ५०% किंवा अधिक होते, त्यांच्यापैकी सुमारे ९४% जणींना पाच वर्षं दूरच्या अवयवांत आजार पसरल्याशिवाय काढता आली. ३०% पेक्षा कमी असणाऱ्यांत हेच प्रमाण ७८% होतं. हर-२ पॉझिटिव्हमध्येही कल बराचसा असाच. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गाठीत मात्र चित्र उलटू शकतं: २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात तिथे जास्त टिल्सना केमोचा प्रतिसाद चांगला मिळाला, पण आयुर्मान कमी दिसलं. अशा वेळी मी टिल्सपेक्षा ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), लिम्फ नोड आणि गरजेनुसार आजार परतण्याचा धोका सांगणाऱ्या २१ जनुकांच्या चाचणीला वजन देईन.

पीडी-एल१ साठी वेगळं स्टेनिंग लागतं. सीपीएस हा त्याचा गुणांक; त्यात पीडी-एल१ दिसणाऱ्या कॅन्सरपेशी आणि प्रतिकारपेशी दोन्ही मोजतात. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह आजारात सीपीएस १० किंवा त्याहून जास्त असेल, तर केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा विचार होतो; तिथे ही चाचणी हवीच. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, पण जोखीम जास्त असलेल्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये हेच औषध शस्त्रक्रियेआधी पीडी-एल१ न बघताही देतात, म्हणून तिथे या आकड्यासाठी अडून बसण्यात अर्थ नाही.

मॅक्रोफेज या आणखी एका प्रकारच्या प्रतिकारपेशींची संख्याही काही ठिकाणी मोजतात. त्या जास्त असणं बहुधा वाईट लक्षण, पण नेहमीच्या उपचारांचा निर्णय त्यावर होत नाही.

आणि टिल्स ७०% आले म्हणून केमो आपणहून नाकारू नका. ते ९४% पहिल्या टप्प्यातल्या गाठींचे होते. तुमचा टप्पा कोणता, हे त्याच रिपोर्टमध्ये आधी शोधा.