सरकती खोली शेवटचे दोन इंच आत येत नाही तेव्हा: कॅरॅव्हॅनच्या स्लाइडचा मराठवाड्यातला आठ महिन्यांचा अनुभव

मे ते डिसेंबर असा हा वापर. वेरूळ, म्हैसमाळ, पैठण, अंबाजोगाई, औंढा, तुळजापूर या पट्ट्यात मेमधला फुफाटा, सप्टेंबरचा पाऊस आणि डिसेंबरची थंडी या स्लाइडने पाहिली आहे. गाडी बसच्या चॅसीवर बांधून घेतलेली आहे. उजव्या बाजूची खोली ३.२ मीटर लांब, १.९ मीटर उंच, आणि ती ७५ सेंटिमीटर बाहेर सरकते. म्हणजे साधारण २.४ चौरस मीटर जागा वाढते. फरशीखाली दात्यांच्या दोन पट्ट्या (रॅक), त्यांत फिरणारी दोन पिनियन (छोटी दातेरी चाकं), दोन्हींना जोडणारा एक आडवा शाफ्ट आणि १२ व्होल्टची एक गिअर मोटर, एवढंच यंत्र आहे.

तक्रार एकच, पण ती पुन्हा पुन्हा येते: खोली बहुतेक सगळी आत येते आणि शेवटचे दोन-तीन इंच बाहेर राहते. अशा वेळी मिस्त्री बोलावला की तो आधी मोटर खोलतो. आठ महिन्यांत मोटर एकदाही दोषी निघाली नाही. आपल्याकडे शोधायचा क्रम जमीन, व्होल्टेज, रबर आणि सगळ्यात शेवटी यंत्र, असा ठेवावा.

शेवटच्याच इंचांत का अडतं हे समजलं की निम्मं काम होतं. खोलीच्या चारही कडांना पोकळ रबर असतं आणि ते शेवटच्या टप्प्यात एकदम दाबलं जातं. या खोलीचा घेर १०.२ मीटर आहे, म्हणजे दहा मीटर रबर मोटरने एका दमात चेपायचं. आधीचा सगळा प्रवास मोटरला हलका जातो. कुठेही थोडी कमतरता असली, जमिनीची, विजेची किंवा सफाईची, तर ती इथेच उघडी पडते.

बटण पुन्हा दाबण्याआधी टेप घेऊन बाहेर जा आणि चारही कोपऱ्यांतली फट मोजा. चारही कोपऱ्यांत सारखीच फट असेल तर वीज कमी पडते आहे किंवा एखादी वस्तू अडली आहे. आत खुर्चीचा पाय, सरकलेलं ड्रॉवर, उघडं राहिलेलं कपाटाचं दार, हे आधी पाहून घ्या. पुढच्या बाजूला ५ मिलिमीटर आणि मागच्या बाजूला ४० असेल तर एक रॅक मागे पडला आहे. खालून बंद आणि वरून उघडी असेल तर वरच्या रबरात काहीतरी बसलं आहे किंवा गाडी खोलीच्या बाजूला कललेली आहे. समोरासमोरचे तिरपे कोपरे उघडे असतील, म्हणजे पुढचा वरचा आणि मागचा खालचा, तर गाडी पिळली आहे. हा शेवटचा प्रकार आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसतो.

बसची चॅसी शिडीसारखी असते आणि खड्ड्यांत तुटू नये म्हणून ती थोडी पिळेल अशीच बनवतात. त्यावरच्या बॉडीला एका बाजूने ३.२ मीटरचं भोक पाडलं की तिथला ताठरपणा जातो. एक चाक किंवा गाडीला टेकू देणारा एक जॅक दोन सेंटिमीटर खचला तरी ते भोक गुण्यात (काटकोनात) राहत नाही. चौकोनी खोली तिरक्या चौकटीत कशी शिरणार? म्हैसमाळच्या किंवा बालाघाटावरच्या मुरमावर हा त्रास जवळपास होत नाही. गोदाकाठच्या काळीवर मात्र रात्री सरळ लावलेली गाडी पावसानंतर सकाळी वाकडी सापडते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. म्हणजे कोरडी असतानाही तिच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. भेगेच्या काठावर जॅक ठेवला तर काठ ढासळतो.

उपाय जॅकखालच्या फळीत आहे. जॅकचा पाय १५ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्र १७७ चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर दीड टन आला की दर चौरस सेंटिमीटरला साडेआठ किलो दाब पडतो आणि ओली काळी तो सोसत नाही. तोच भार ६० × ६० सेंटिमीटरच्या फळीवर दिला तर दाब ०.४२ किलोवर येतो, वीसपट कमी. फळी पातळ असेल तर मधेच वाकते आणि सगळा हिशेब वाया जातो. म्हणून खाली २५ मिलिमीटरची वॉटरप्रूफ प्लाय, तिच्यावर मधोमध बाभळीचा ३० × ३० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर जाड गुटका, असा थर लावावा. असे चार संच गाडीत कायम असू द्या. चाकांखाली मात्र असं काही नसतं, म्हणून काळीवर उभं राहणं टळणार नसेल तर निदान बांधाशेजारची, वहिवाटीने घट्ट झालेली जागा धरा.

जॅक नेहमी जोडीने चालवा, पुढचे दोन एकदम, मग मागचे दोन. एकेक कोपरा उचलून पाणसळ मधे आणायचा प्रयत्न केला की बुडबुडा मधे येतो, पण पीळ तसाच राहतो. पाणसळ हे सांगत नाही, कर्ण सांगतात. खोली बाहेर असताना आतून चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. या गाडीत ते ३.७२ मीटर भरतात. फरक ५ मिलिमीटरच्या आत असला की खोली निमूट आत येते, ८-१० झाला की वरचा एक कोपरा धरतो. धरल्यावर बटण दाबून धरू नका. खोली पूर्ण बाहेर काढा, जॅकची जोडी पुन्हा लावा, कर्ण मोजा आणि मग आत घ्या. आणि निघताना जॅक वर घेण्याआधी खोली आत घ्यायची, हा क्रम कधी मोडू नका.

आता वीज. बसची मूळ वीज २४ व्होल्टची आणि खोलीची १२ व्होल्टची. अनेकजण स्लाइड अडली की इंजिन चालू करतात. मधे २४ वरून १२ करणारा चार्जर बसवलेला नसेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. या गाडीत १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या पॅरलल आहेत. निवांत असताना १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पण निवांत आकडा फसवतो. मल्टिमीटर मोटरच्या टर्मिनलला लावा, दुसऱ्याला बटण दाबायला सांगा आणि शेवटच्या इंचांत आकडा बघा. ११.५ च्या वर राहिला तर वीज ठीक आहे. ११ च्या खाली गेला तर मोटर दमते आणि रबर चेपू शकत नाही.

बॅटरीला १२.४ आणि मोटरला १०.९ असा फरक दिसला तर चूक वायरीत आहे. बॅटरीपासून मोटरपर्यंत ८ मीटर, जाऊन-येऊन १६ मीटर. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर ३० अँपिअरला १.४ व्होल्ट वाटेतच जातो. २५ चौरस मिलिमीटरला हाच तोटा ०.३४ व्होल्ट. बॉडीबिल्डरने बारीक वायर टाकलेली असणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे, आणि गाडी ताब्यात घेताना मोजायची ही पहिली वस्तू आहे. दुसरी, बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेलं निगेटिव्ह. रंगावर बोल्ट कसून अर्थ दिलेला असतो. पावसाळ्यात तिथे गंज धरतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मोटरच्या निगेटिव्हला लावून बटण दाबा. ०.३ च्या वर आकडा आला तर ती जागा घासून काढा, नाहीतर थेट बॅटरीपर्यंत स्वतंत्र निगेटिव्ह केबल ओढा. केबल ओढणंच खरं टिकाऊ.

स्लाइड चालवताना इन्व्हर्टर बंद ठेवा. १००० वॅटचा भार १२ व्होल्टवर ९० अँपिअरच्या आसपास ओढतो, मोटरला काय उरणार! लाइट गेलेल्या गावात रात्रभर पंखे आणि फ्रिज बॅटरीवर चालले असतील तर सकाळी आधी तासभर चार्जिंग करा.

एक खूण मात्र नीट लक्षात ठेवा. खोली थोडी सरकते, थांबते, मिनिटभराने पुन्हा थोडी सरकते, असं होत असेल तर ते आपोआप जोडणाऱ्या सर्किट ब्रेकरचं काम आहे. हा ब्रेकर उष्णतेने जोडणी तोडतो. मेमध्ये बंद डिकीत तो आधीच तापलेला असतो, त्यामुळे लिहिलेल्या अँपिअरच्या आधीच सोडतो. तो डिकीतून काढून हवेशीर जागी बसवावा. मोठ्या अँपिअरचा घालू नका. वायरीला वाचवायलाच तो आहे.

रबराबद्दल. जून-जुलैत कडुलिंबाखाली गाडी लावली की स्लाइडच्या छतावर लिंबोळ्यांचा सडा पडतो. त्यांचा चिकट गर वरच्या रबराला धरतो, बी मधे अडकते आणि वरची कड उघडी राहते. आत घेण्याआधी शिडी लावून छत मऊ झाडूने झाडा, पाणी साचलं असेल तर वायपरने ओढून टाका. खाली रुळांत बाभळीचे काटे आणि सुकलेला चिखल असतो. रॅकच्या भोकांत कुंभारीण माशी मातीचं घर करते. महिनाभर खोली हलली नसेल तर ते घर दगडासारखं होतं आणि पिनियनचा दात त्यावर चढतो. जुन्या टूथब्रशने आणि लाकडी काडीने काढा, स्क्रू-ड्रायव्हरने दाते खरवडू नका.

रबर साध्या साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांतलं काही लावू नका. हे रबर बहुधा ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) असतं आणि खनिज तेलाने ते फुगतं, मऊ पडतं. रॅकवरही ग्रीस नको. धूळ आणि ग्रीस मिळून घासपेपरसारखा लगदा होतो आणि दाते झिजतात. तिथे कोरडं वंगण मारायचं, म्हणजे लावल्यावर वाळणारं.

खोलीच्या कडेची, पाणी-धूळ पुसणारी रबराची पट्टी उलटी दुमडली असेल तर खोली हातभर बाहेर काढून ती प्लास्टिकच्या पट्टीने सरळ करा. दुमडलेल्या रबरावर जबरदस्ती केली की ते फाटतं, आणि पहिल्याच पावसात फरशीची प्लाय फुगते. फुगलेली प्लाय ही मग अडण्याचं नवं कारण होते.

यंत्राकडे यायची वेळ क्वचित येते. एक टोक आत आणि एक बाहेर असेल तर आडव्या शाफ्टच्या कपलिंगचा बोल्ट पाहा. तो तुटला असेल तर मोटरकडची बाजू चालते आणि पलीकडची जागेवर राहते. या बांधणीत तो मुद्दाम आधी तुटावा म्हणून ठेवलेला आहे. ८.८ ग्रेडचा बोल्ट जाऊन १०.९ किंवा १२.९ चा, म्हणजे जास्त मजबूत, घातला तर पुढच्या वेळी पिनियनचे दाते जातील. बोल्ट शाबूत असूनही फरक असेल तर पिनियन रॅकवर एक दात चुकून सरकलेलं आहे. मग दोन्ही बाजू पूर्ण बाहेर थांब्यापर्यंत नेऊन, कपलिंग सोडून, मागे पडलेली बाजू हाताने जुळवायची. हे करताना बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलंच हवं. चुकून बटण दाबलं गेलं तर रॅकमध्ये सापडलेलं बोट वाचत नाही.

रस्त्यावर अडलात तर हाताने आत घ्यायची सोय असते. मोटरच्या पाठीमागचा ब्रेकचा खटका सोडा, शाफ्टच्या षटकोनी टोकाला १९ चा सॉकेट आणि लांब दांड्याचं रॅचेट लावा आणि सावकाश फिरवा. दोन माणसं चारही कोपऱ्यांवर नजर ठेवू द्या, पण खोली आणि बॉडीच्या मधे कोणी उभं राहू नये. आत आल्यावर ब्रेकचा खटका परत लावायला विसरू नका. तो सुटा राहिला तर वळणावर खोली स्वतःच बाहेर येऊ लागते. प्रवासाचं लॉक बसत नसेल इतकी फट असताना गाडी हलवू नका.

हायड्रॉलिक स्लाइड असलेल्यांसाठी एकच गोष्ट: तेलाची पातळी खोली आणि जॅक सगळे आत असताना पाहा. बाहेर असताना टाकी भरली तर आत घेताना ती ओसंडते. होज (तेलाची दाबाची नळी) बदलायची झाली तर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाण्यात मापाने दाबून देणारे कारखाने आहेत, जुनी होज नमुन्याला सोबत न्या.

एका रात्रीच्या मुक्कामाला ही खोली काढू नये, कर्ण जुळवण्याचे कष्ट वसूल होत नाहीत. तीन दिवसांच्या वर थांबायचं असेल तर हिच्यासारखं सुख नाही. गाडीत एवढं हवंच: मल्टिमीटर, ५ मीटरचा टेप, पाणसळ, रॅचेट आणि १९ चा सॉकेट, ८.८ चे चार बोल्ट नटासह, त्याच अँपिअरचा एक ब्रेकर, सिलिकॉन स्प्रेचे दोन डबे, मऊ झाडू. आणि खोली नीट बंद असताना दोन्ही रॅकवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी कोणती बाजू किती मागे आहे हे गाडीखाली टॉर्चचा उजेड मारताच दिसतं.